शेठच्या तीन गाड्या आणि आमची लाखोरी

मी भित्री आहे हे आमच्या घरातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. मी मोटारसायकलवर मागे बसत नाही. एसटीत खिडकीपाशी बसत नाही, आणि पूल आला की शेजारची बाई ओळखीची असो नसो, तिचा हात धरते. भंडाऱ्याला डोळे दाखवायला जायचं ठरलं की आदल्या दिवसापासून पोट बिघडतं. डोळ्यांच्या काळजीने नव्हे, रस्त्याच्या. म्हणूनच माझ्या लेकाने ती शर्त घातली. माझ्या अकलेवर त्याचा विश्वास होता असं कुणी समजू नये. त्याचा विश्वास होता तो माझ्या भित्रेपणावर.

गोष्ट त्याच्या पोरीची, म्हणजे माझ्या नातीची. ही पुण्याला राहते आणि वेगाच्या गाड्या चालवून बघते. कोणती कशी पळते, कशी वळते, कोणती घ्यावी, कोणती घेऊ नये, हे ती लिहिते आणि मोबाइलवर बोलूनही दाखवते. लोक असल्या कामाचे पैसे देतात यावर आमच्या गावाचा अजूनही विश्वास बसलेला नाही. तिथवर ठीक होतं. पण त्या फाल्गुनात ती नागपूरच्या एका शेठच्या गाड्या बघायच्या म्हणून घरी आली आणि एका रात्री जेवताना म्हणाली की दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर शर्यत आहे, तिला गाडी चालवायला बोलावलंय, आणि उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय.

लेकाचा घास हातात राहिला.

"लिहायचं काम हाये ना तुह्यं? मंग लिही. कायले जीव द्याले जातं?"

"बाबा, हेल्मेट असते, पिंजरा असते गाडीत—"

"पिंजरा तं उंदरालेही असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. लेक समोर येऊन उभा राहिला आणि पोरीला हाक मारून म्हणाला, "आज त्या शेठची गाडी आनून राहिली ना तू? आजीले बाजूले बसव. घरी पोचल्यावर आजी हो म्हनली तं जाय. नाही म्हनली तं विषय संपला."

माझ्या हातातलं सूप तिरपं झालं. "मले काहून मधात घेता गा?"

"तू सगळ्याइची मोठी ना माय."

एवढा मान त्याने मला आयुष्यात दिला नव्हता. त्याच्या पाठीमागे माझी सून उभी होती. तिने डोळे मोठे करून मान डावी-उजवी हलवली. नाही म्हणा, आई. पोरगी मात्र माझ्याकडे बघत होती. मला त्या क्षणी दोन गोष्टींचं भय वाटलं. एक, त्या गाडीत बसायचं. दुसरं, त्यानंतर तोंड उघडायचं. दुसरं भय मोठं होतं.

निघण्याआधी मी एक शहाणपणा केला. आमच्याकडे त्या दिवसांत लाखोरी निघते, लाखेची डाळ करतात ती. वेल उपटून आणायचे, वाळवायचे आणि डांबरी रस्त्यावर पसरायचे. ट्रॅक्टर, दुधाची गाडी, एसटी, जे जे जाईल ते शेंगा फोडून जातं. मग वरचं कुटार, म्हणजे चुरलेला भुसा, उचलायचं आणि खालचे दाणे झाडून घ्यायचे. असं करू नका म्हणून रस्त्याच्या कडेला पाटी लावलेली आहे. सावलीला ती बरी पडते. तर मी सुनेला सांगितलं, "वळनाच्या पुढं जाड पसरव वो बाई. पोट्टी म्हनते त्या गाडीची चाकं रुंद रायतात. दोनदा गेली तं आपली लाखोरी चुरून होते." आणि हे सांगून मी स्वतःवर खूश होऊन चप्पल घातली.

शेठचं फार्महाउस शहापूरच्या पुढे, हायवेला लागून. शेठ नागपूरचे, आता वय झालेलं. तीन गाड्या बाळगणं होत नाही, एकच ठेवायची म्हणतात, आणि कोणती ते ठरवायला त्यांनी माझ्या नातीला बोलावलं होतं. मागचे दोन दिवस ती तिन्ही चालवून बघत होती, आणि आता राखाडी गावच्या रस्त्यावर कशी चालते ते बघायचं राहिलं होतं. शेठ त्या दिवशी नागपुरात होते. चौकीदाराने शटर वर केलं. आत एसी लावलेला. आमच्या घरात माणसांना पंखा पुरतो!

तिन्ही गाड्या अशा बुटक्या की मला वाटलं चाकं जमिनीत गाडली आहेत.

पोरगी एकेकीजवळ नेऊन सांगू लागली. पहिली राखाडी. इंजिन पाठीमागे, आत गार हवा, बसायला मऊ, आणि स्पीडब्रेकर आला की बटण दाबायचं, नाक वर उचलते. "ही रस्त्याची, आजी. खड्डा आपल्या पोटात घेते." दुसरी पिवळी. तिच्यात मऊ काहीच नाही. मागे लोखंडी पाइपांचा पिंजरा, खांद्यावरून येणारे पट्टे, एसी काढून टाकलेला, दाराला आतून कडीऐवजी कापडाची पट्टी. "ही ट्रॅकची. हिचे ब्रेक तापल्याशिवाय लागतच नाहीत नीट. रस्त्यावर नेली तर खड्डा तुझ्या कंबरेत घालेल. पण वळणावर..." तिचा चेहरा मी बघितला. कुणाच्या आठवणीने पोरी असा चेहरा करतात ते मला माहीत आहे, आणि मला धडकी भरली.

तिसरी कापडाखाली होती. चौकीदाराने कापड असं उचललं जसं झोपलेल्या बाळावरचं पांघरूण. लाल, जुनी, हाताने गियर टाकायची. जगात थोड्याच उरल्यात म्हणे. "ही ठेवायची," पोरगी म्हणाली. "जितकी कमी चालेल तितकी किंमत वाढेल. पाऊस तर तिने पाहिलेलाच नाही."

"म्हंजे पोळ्याची जोडी," मी म्हणाले.

पोरगी हसली. "काय?"

मग मी तिला सांगितलं. माझ्या सासरी बैलांच्या तीन जोड्या होत्या. एक रेंगीची. रेंगी म्हणजे माणसं न्यायची हलकी गाडी. लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला हीच जोडी. कुठे थांबायचं ते तिला न सांगता कळायचं. दुसरी पटाची. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, भरला की ती धावायची, एरवी तिला कुणी नांगराला हात लावू द्यायचं नाही, आणि तिच्याजवळून जाताना घरचे लोकसुद्धा लांबून जायचे. तिसरी पोळ्याची. पांढरी शुभ्र, सारख्या शिंगांची. काम काही नाही. दारात उभी राहायची, आणि येणारा जाणारा विचारायचा, देता का?

"आणि तुला कोणती आवडायची?"

आता इथे त्या काळच्या नव्या नवरीविषयी बोलणं भाग आहे. ती बाई मीच, पण मी तिची जबाबदारी घेत नाही. आयुष्यात कासरा हातात धरला नव्हता, पण अंगणात पदर खोचून उभी राहायची आणि बैलांवर मतं द्यायची. याची छाती कमी, त्याची शेपटी जड. पुरुष ऐकूनही घ्यायचे, कारण नवी होती आणि दिसायला बरी होती. तिला अर्थातच पटाची जोडी आवडायची. एकदा माहेराहून, म्हणजे कारध्याहून, परत निघताना हट्ट धरला, रेंगीला पटाचे बैल जुंपा. नवऱ्याने जुंपले. नवा नवरा काय नाही जुंपत! मैत्रिणी बघायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर ही म्हणाली, "मले नाही भेव गिव लागत." पूल येईपर्यंत बैल चालले. पुलावर लाकडी फळी वाजल्यासारखा काहीतरी आवाज झाला आणि ते उधळले. मी डोळे मिटले आणि हाताला लागलं ते दोन्ही मुठींनी धरलं. बैल थांबले तेव्हा आम्ही पूल ओलांडून बरेच पुढे आलो होतो, आणि माझ्या मुठीत माझ्या नवऱ्याचं धोतर होतं. सगळं. तो कासरा ओढून धरत तसाच उभा होता. त्या बाईने पुढच्या खेपेला मैत्रिणींना काय सांगितलं? "मजा आली."

चौकीदार तोंड फिरवून हसत होता. पोरगी खाली बसून हसत होती. तेवढा वेळ माझंही भय गेलं. मग तिने राखाडी गाडीचं दार उघडलं आणि ते परत आलं.

त्या गाडीत बसत नाहीत, त्या गाडीत पडतात. आधी बूड टाकायचं, मग पाय एकेक करून उचलून आत घ्यायचे. पोरीने पट्टा लावला. समोर काच, काचेपलीकडे लगेच रस्ता, नाकाशी. मी विचारलं, "इंजिन कुठं हाये म्हनली?" ती म्हणाली, "तुझ्या पाठीमागे." तेवढ्यात ते सुरू झालं. आवाज कानातून आला नाही, पाठीच्या मणक्यातून आला.

हायवेवर ट्रक लागले. इतर गाड्यांतून ट्रकचा ड्रायव्हर दिसतो. या गाडीतून ट्रकचं चाक दिसतं, तेही मधला नट. ते फिरणारं चाक माझ्या कानाजवळून मागे गेलं, मग दुसरं, मग तिसरं. मी देवाचं नाव घेत होते, पण नाव पूर्ण होत नव्हतं. पोरगी भरधाव चालवत नव्हती, हे खरं सांगायला हवं. ती आमच्या जावयापेक्षा हळू चालवत होती. पण एका मोकळ्या पट्ट्यावर, मागेपुढे कुणी नसताना, ती म्हणाली, "आजी, एकदाच. सांगून करते. डोकं मागे टेकव."

माझ्या पोटातलं सगळं पाठीला जाऊन चिकटलं. तोंड उघडं राहिलं ते मिटेना. मग तिने ब्रेक लावला आणि पाठीला गेलेलं सगळं परत पुढे आलं.

"बघितलं? किती सरळ थांबते. पिवळीत याच्या दुप्पट जोरात होतं हे."

"पोरी, असा वेग तू त्या शर्यतीत करशीन?"

"याहून जास्त."

"बाजूले दुसऱ्या गाड्या राहतीन?"

"हो."

मनातल्या मनात नाही म्हणायचा सराव सुरू केला. लेकाकडे बघून म्हणायचं, पोरीकडे बघायचं नाही. मग आत जायचं आणि दार लावून घ्यायचं.

भंडारा मागे पडलं. मोहाडीच्या बाजूला लोक मोबाइल काढून उभे राहत होते. स्पीडब्रेकर आला की पोरगी बटण दाबायची, गाडी नाक उचलायची, तिरपी होऊन हळूच उतरायची. आंधळगाव मागे टाकून आमच्या गावच्या अरुंद रस्त्याला लागलो तेव्हा मला पहिल्यांदा मोकळा श्वास आला. घर जवळ होतं. मी म्हणाले, "आता या वळनाच्या पुढं—" आणि मला आठवलं की वळणाच्या पुढे काय आहे.

सुनेने माझा शब्द मानला होता. जाड म्हणजे किती जाड! रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत लाखोरीने झाकलेला, वेल उडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी दगड ठेवलेले, आणि पलीकडे ती स्वतः हातात लाकडी दाताळं घेऊन आम्हाला दोन्ही हातांनी बोलावत होती. "या! या!"

वळणावरून आम्ही निघालो तेव्हा लाखोरी इतकी जवळ होती की तिच्याआधी थांबायला जागाच नव्हती. मी ओरडले, "दाब! दाब ना वो!" पोरीने ब्रेक दाबला नाही. पाय उचलला, एवढंच मला दिसलं. गाडी वेलांवर चढली आणि तिच्या खालचा रस्ता नाहीसा झाला. शेंगा आणि दाणे चाकाखाली मोहरीसारखे फिरत होते. मागचा भाग बाजूला सरकला, दगडांच्या दिशेने. मी तिचा हात धरायला गेले.

"आजी, हात मांडीवर ठेव."

आवाज हळू होता. मी हात मांडीवर ठेवला. मी कुणाचं असं ऐकत नसते. तिने हातातलं चाक थोडंसंच फिरवलं, इतकं थोडं की मला वाटलं ती विसरली. गाडी सरळ झाली. आणि मग वास आला.

तो वास आम्हाला शिकवावा लागत नाही. वाळलेलं कुटार जळतं तेव्हा असाच येतो. गाडी इतकी बुटकी की वेल तिच्या पोटात कोंबले गेले होते, आणि पाठीमागे ते इंजिन, तापलेलं. आरशात धूर दिसला.

"थांब!" मी ओरडले. "जळून राहिली! थांब!"

ती थांबली नाही. तिला वास आला नसेल असं नाही, तिने आरशात पाहिलेलं मी पाहिलं. तरी ती तशीच पुढे निघाली, त्याच संथ गतीने. धूर आत यायला लागला होता. मला वाटलं ही घाबरून गोठली. मला वाटलं, माझ्या नातीच्या हातून मी मरते, आणि ती पण मरते, आणि वाट दाखवणारी तिची आई समोर उभी आहे. सुनेचे हात खाली आले होते. दाताळं टाकून ती बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर उडी मारून गेली.

वेल संपले. उघडं डांबर लागलं. तिथून आणखी थोडं पुढे, बोडीच्या पाळीजवळ नेऊन तिने गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. बोडी म्हणजे आमचं लहान तळं. मग सगळं एकदम झालं. तिचा पट्टा सुटलेला मला दिसला नाही. ती माझ्या बाजूला होती, दार उघडं होतं, आणि तिने माझा पट्टा काढला. मला उठता येईना. त्या खड्ड्यातून म्हातारीला कोण उठवेल! तिने काखेत हात घालून मला ओढलं, माझी चप्पल आत राहिली, लुगडं दाराला अडकून फाटलं, आणि मी पाळीवर बसले होते. ती परत गेली. गाडीच्या पुढच्या भागातून लाल नळकांडं काढलं आणि रस्त्यावर पालथी पडून गाडीच्या पोटात पांढरा फवारा मारला. मी तिला ओरडून सांगत होते की तिकडे जाऊ नको. आवाज निघत होता की नाही, माहीत नाही.

माझा लेक ओलं पोतं घेऊन घराकडून धावत आला. सून बादलीने बोडीचं पाणी आणत होती. त्याने दाताळ्याने धुमसणारं कुटार ओढून काढलं, तिने त्यावर पाणी ओतलं. आग मोठी झाली नव्हती. पण मागे वळून बघितलं तेव्हा मला कळलं. आमची लाखोरी रस्ताभर पसरलेली होती, दुपारच्या उन्हाने कडकडीत वाळलेली. मी थांब म्हणाले तेव्हा गाडी तिच्या मधोमध होती.

लेकालाही कळलं असावं. त्याने लाखोरीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि पोतं खाली टाकलं.

पोरीने त्याच्याशी न बोलता आधी शेठला फोन लावला. आम्हा सगळ्यांसमोर. "गाडीच्या खाली आग लागली होती. विझवली. खालचं आवरण जळालंय. आजी बरी आहे." पलीकडून शेठ काय बोलले ऐकू आलं नाही. ती "हो, मीच चालवत होते" म्हणाली आणि आजीने लाखोरी पसरायला सांगितली होती हे मात्र बोलली नाही. फोन ठेवला आणि माझ्याजवळ पाळीवर येऊन बसली. सुनेने तांब्याने पाणी दिलं. ते पिताना तिचे हात असे थरथरत होते की पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं.

"भेव लागला?" मी विचारलं.

"खूप."

"मंग तवा हात काहून नाही कापला तुह्या?"

"तेव्हा वेळ नव्हता, आजी. आता कापतोय ना." आणि ती रडायला लागली, लहान होती तेव्हा रडायची तशी, नाक ओढत.

मी तिच्याकडे बघत बसले. मला त्या धोतरवाल्या पुलावरची ती नवी नवरी दिसत होती, घरी जाऊन "मजा आली" सांगणारी. ती जर या गाडीत चाक धरून बसली असती तर मी आता पाळीवर नसते. तिने मी म्हणाले तिथेच थांबवली असती, आणि वर म्हणाली असती, मले नाही भेव लागत.

सूनही आता जवळ येऊन उभी होती. सकाळी मान हलवत होती, तशी आताही हलवत होती, पण मनापासून नाही. लेक समोर उकिडवा बसला. त्याचे हात काजळीने काळे झाले होते.

"बोल माय," तो म्हणाला. आवाजात शर्त जिंकल्याचं काही नव्हतं. "भेव लागला ना?"

"लागला."

"मंग?"

माझ्या जिभेवर नाही तयार होतं. मोहाडीपासून तयार होतं. मला ती शर्यत दिसत होती, बाजूच्या गाड्या दिसत होत्या, त्या पिवळीतला पिंजरा दिसत होता. तिथे लाखोरी नसेल, पण दुसरं काहीतरी असेल, आणि ते काय हे मला कधीच कळणार नाही, कारण मी बाजूला नसेन.

"मी थांब म्हनली," मी म्हणाले. "ही नाही थांबली. जाऊ दे तिले."

"माय, तू डोक्यावर पडली का? आत्ताच आग—"

"म्हनूनच म्हनतो. हिच्या जागी तू असता तं माह्यं आयकलं असतं. आपन सगळे जळलो असतो."

सुनेने पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, सांगता येत नव्हतं. पोरीने नाक पुसलं आणि माझ्याकडे अविश्वासाने बघितलं.

"आजी, खरंच? नक्की?"

"पुन्हा पुसू नोको," मी म्हणाले. "फोन लाव, आत्ताच्या आत्ता. भेवानं बदलून टाकीन मी."